३१ अंशांवर गेलेलं पाणी, घसरणारा केएच आणि घरी बनवता येणारी उपकरणं

प्रश्न थोडक्यात असा: ठाण्यात ९० × ४५ × ५० सेंटीमीटरची रीफ टाकी (खाऱ्या पाण्यातली प्रवाळांची टाकी), खाली संप (तिला जोडलेली, पंप आणि उपकरणं ठेवायची टाकी), दोन्हींत मिळून साधारण २३० लिटर पाणी. हॅमर कोरल आणि झोअँथस ही प्रवाळं, आणि क्लाउनफिश माशांची एक जोडी. मे महिन्यात पाणी ३१ अंशांवर जातं, खारटपणा ३५ ते ३७ पीपीटी (हजार भागांत इतके भाग मीठ) असा हलतो, केएच (पाण्याची कार्बोनेट क्षारीयता, डीकेएच या एककात) तीन दिवसांत ८.६ वरून ७.१ वर येतो. चिलर (पाणी गार करणारं यंत्र) सध्या परवडत नाही. घरी काय बनवता येईल, आणि मालवणहून मित्र प्रवाळाचे दगड आणून देतोय ते टाकीत टाकावेत का?

पहिल्या तिन्ही तक्रारींच्या उपायांना जोडणारा धागा एकच आहे, बाष्पीभवन. म्हणून उपकरणं कोणत्या क्रमानं बनवायची याला महत्त्व आहे. आधी गोड्या पाण्याची भर आपोआप घालणारी यंत्रणा, ज्याला ऑटो टॉप-ऑफ म्हणतात. मग पंखे. मग डोसिंग, म्हणजे केएच आणि कॅल्शियमची रोजची भर. बहुतेक लोक उन्हाळ्याच्या घाईत आधी पंखे लावतात. पाणी दोन अंशांनी उतरतं खरं, पण खारटपणा रोज वर-खाली होऊ लागतो आणि हॅमर मिटून बसतो. मग दोष दिव्याला दिला जातो.

तुमचेच आकडे घ्या. रोज ४ लिटर पाणी उडतं असं धरलं तर तीन दिवसांत १२ लिटर. मीठ तेवढंच राहतं, पाणी २३० वरून २१८ वर येतं, म्हणजे खारटपणा ३५ वरून ३६.९. तुम्ही दर तीन दिवसांनी हातानं पाणी भरत असाल तर ३५ ते ३७ हा झोका तिथूनच येतो. खात्री करायची असेल तर संपच्या रिटर्न पंपाच्या कप्प्यावर पातळीची खूण करा, २४ तासांनी मोजून पाणी घाला आणि किती लागलं ते लिहून ठेवा. पुढचा सगळा हिशेब या एका आकड्यावर उभा आहे.

त्याआधी खारटपणा मोजणारा रिफ्रॅक्टोमीटर तपासा. तो नुसत्या आरओच्या पाण्यावर शून्य केलेला असेल तर ३५ च्या आसपास एक-दोन पीपीटीनं सहज चुकतो. ३६.५ ग्रॅम कोरडं साधं मीठ (सोडियम क्लोराइड) आणि ९६३.५ ग्रॅम शुद्ध पाणी, दोन्ही वजन करून मिसळा. या द्रावणाचा अपवर्तनांक ३५ पीपीटीच्या समुद्राच्या पाण्याइतका असतो. स्क्रू फिरवून काटा या द्रावणावर ३५ ला आणा. बाटली घट्ट बंद ठेवली तर द्रावण बरेच महिने टिकतं. उघडी राहिली तर तिच्यातलंही पाणी उडतं आणि मापच खोटं होतं.

ऑटो टॉप-ऑफ

सामान असं: १२ व्होल्ट २ अँपिअरचा अडॅप्टर, १ अँपिअरचा फ्यूज, १२ व्होल्टचा छोटा रिले, १एन४००७ डायोड, प्लास्टिकचे तीन फ्लोट स्विच, मिनिटाला १०० मिलीच्या आसपास देणारा १२ व्होल्टचा पेरिस्टाल्टिक (नळी दाबून पाणी ढकलणारा) पंप, १५-१५ मिनिटांच्या खुंट्यांचा साधा टायमर आणि १० लिटरचा झाकणाचा कॅन.

पहिला फ्लोट रिटर्न पंपाच्या कप्प्यात, रोजच्या पातळीवर. पाण्याची घट-वाढ फक्त याच कप्प्यात दिसते, बाकी कप्प्यांत पातळी बंधाऱ्यामुळे बांधलेली असते. दुसरा त्याच्या २ सेंटीमीटर वर, आणीबाणीचा. पाणी तिथपर्यंत चढलं तर त्यानं परिपथ तोडायचा. तिसरा कॅनच्या तळाशी, कॅन रिकामा झाला की पंप बंद करण्यासाठी. तिन्ही एकामागे एक जोडून रिलेच्या कॉइलला द्या आणि पंप रिलेच्या संपर्कावरून चालवा. पंप थेट फ्लोटवरून चालवू नका. या फ्लोटच्या आत बारीक रीड स्विच (चुंबकानं जुळणाऱ्या दोन पातळ पात्या) असतो, पंप सुरू होतानाचा झटका त्याला झेपत नाही आणि पाती एकमेकींना चिकटतात. एकदा चिकटल्या की पंप थांबतच नाही. डायोड कॉइलच्या दोन टोकांवर, पट्टीची बाजू धनाकडे. तो नसेल तर रिले सुटताना येणारा उलटा व्होल्टेज तीच रीड जाळतो. फ्लोट पाणी उतरल्यावर जोडतो की चढल्यावर, हे मल्टिमीटरनं बघा. उलट निघाला तर बहुतेक फ्लोटची गोळी काढून उलटी घातली की काम होतं.

टायमर दिवसातून सहा वेळा, प्रत्येकी १५ मिनिटं. म्हणजे सगळे फ्लोट एकदम बिघडले तरी दिवसात ९ लिटरपेक्षा जास्त पाणी जाणार नाही. कॅनही मुद्दाम १० लिटरचाच. तो पूर्ण रिता झाला तर खारटपणा ३५ वरून साधारण ३३.५ वर येईल, जिवावर बेतणार नाही. ५० लिटरचा ड्रम जोडून पंधरा दिवस निर्धास्त राहायचा मोह होतो. तो टाळा.

फ्लोटभोवती पीव्हीसी पाइपचा तुकडा बसवा, खाली एक-दोन छोटी भोकं ठेवा. गोगलगाय फ्लोटवर चढली की तो बुडालेलाच राहतो किंवा अडकतो. शिवाय पाण्याच्या हेलकाव्यानं रिले कटकट वाजत राहतो, तेही या पाइपनं थांबतं. पाणी सोडणारी नळी संपच्या पातळीच्या वरच संपवा आणि कॅन त्या टोकापेक्षा खाली ठेवा. टोक पाण्यात बुडालं आणि कॅन उंचावर असला तर पंपाची नळी झिजल्यावर सायफन सुरू होतो, टायमर त्याला रोखू शकत नाही. पंपातली नळी दर सहा महिन्यांनी बदला. महिन्यातून एकदा पंप चालू असताना आणीबाणीचा फ्लोट बोटानं उचला. पंप तत्काळ थांबला पाहिजे. नाही थांबला तर फ्लोटवर जमलेलं मीठ कोमट पाण्यानं धुवा आणि पुन्हा बघा.

या कॅनमध्ये नळाचं पाणी नको. घरातल्या आरओला टीडीएस (पाण्यात विरघळलेले क्षार) कंट्रोलर किंवा मिनरलची नळकांडी असेल तर तिच्या आधीच जोड काढून पाणी घ्या. नाहीतर मेम्ब्रेननं काढलेले क्षार आपणच परत घालतो. पुढे उरलेले क्षार शोषणारं डीआय रेझिन लावा आणि टीडीएस शून्य दिसेपर्यंतच ते रेझिन वापरा. टीडीएस दिसायला लागला की रेझिन संपलं. सिलिका आणि फॉस्फेट आत येतं आणि काचेवर तपकिरी थर धरतो.

पंखे, आणि ते कुठे हरतात

१ लिटर पाणी उडताना सुमारे ०.६७ युनिट उष्णता घेऊन जातं. ४ लिटर म्हणजे २.७ युनिट, चोवीस तास चालणाऱ्या ११० वॅटच्या थंडाव्याइतकं. संगणकाच्या १२० मिलिमीटरच्या तीन पंख्यांना मिळून दहा वॅटच्या आसपास वीज लागते. इतक्या स्वस्तात थंडावा दुसरं कुठलंच उपकरण देत नाही.

दोन पंखे टाकीवर, एक संपवर. पृष्ठभागापासून ५ ते १० सेंटीमीटर उंच, तिरके, हवा पाण्यावरून सरकत जाईल असे. काचेचं झाकण काढून जाळी लावा, नाहीतर ओलसर हवा आतच फिरत राहते. पंखे अॅक्रिलिकच्या पट्टीवर नायलॉनच्या स्क्रूनं बसवा, लोखंडी स्क्रू गंजून पाण्यात ओघळतो. सोल्डरच्या जोडांवर नेलपॉलिशचे दोन हात द्या. तरी मिठाच्या फवाऱ्यानं पंखा कधीतरी जाणारच. एक जादा घरात ठेवा.

नियंत्रणासाठी एसटीसी-१००० सारखा थर्मोस्टॅट पुरतो. तो थंडी आणि उष्णता असे दोन वेगळे रिले चालवतो, म्हणजे हिवाळ्यात हीटरही त्याच्यावरच. २६.५ अंश, फरक ०.५. प्रोब स्टीलचा असेल तर त्यावर हीट-श्रिंक नळी चढवा आणि टोक सिलिकॉननं बंद करा, नाहीतर मिठाच्या पाण्यात तो डागाळतो आणि चुकीचं दाखवतो. महिन्यातून एकदा साध्या काचेच्या थर्मामीटरशी ताडून बघा.

आता ठाण्याची अडचण. पंख्यानं पाणी हवेच्या ओल्या बल्बच्या तापमानाखाली (ओलं फडकं गुंडाळलेल्या थर्मामीटरवर दिसणारं तापमान) जाऊ शकत नाही, प्रत्यक्षात त्याच्या एक-दोन अंश वरच थांबतं. पुण्यात एप्रिलमध्ये खोली ३२ अंश आणि आर्द्रता २५ टक्के असेल तर ओला बल्ब १९ च्या आसपास असतो, त्यामुळे २६ सहज मिळतात. ठाण्यात मे महिन्यात ३१ अंश आणि ६८ टक्क्यांना तो २६ असतो, पाणी २८ च्या आसपास येऊन अडतं. जुलैत ८५ टक्क्यांच्या वर आर्द्रता गेली की पंखे जवळपास निकामी, माठातलं पाणी पावसाळ्यात गार होत नाही तसंच. २८ अंशांवर हॅमर आणि झोअँथस नीट राहतात. ३० च्या वर काही आठवडे राहिले तर प्रवाळ आपल्या पेशींतलं शैवाल बाहेर टाकतं आणि पांढरं पडतं. लक्षद्वीपच्या प्रवाळभिंतींवर १९९८, २०१०, २०१६ आणि २०२४ मध्ये समुद्र तापल्यावर हेच घडलं.

म्हणून उष्णता काढण्याइतकंच ती आत कमी घालण्याकडे बघा. पाण्यात बुडालेल्या पंपाचा प्रत्येक वॅट शेवटी पाण्यात उतरतो. ४५ वॅटच्या एसी रिटर्न पंपाजागी २० वॅटचा डीसी पंप घेतला तर वाचलेले २५ वॅट म्हणजे रोज जवळपास १ लिटर बाष्पीभवनाइतका थंडावा झाला. दिवे दुपारी नको, संध्याकाळी ४ ते रात्री १२ ठेवा. टाकीची खोली बंद नको, एक्झॉस्ट चालू हवा, नाहीतर तुम्हीच आर्द्रता वाढवता आणि भिंतीला बुरशी धरते. जुलै-ऑगस्टमध्ये त्या खोलीत २७ वर एसी चालवणं हाच खरा उपाय.

चिलर घरी बनवू नका. विजेवर गार होणाऱ्या पेल्टियरच्या चकत्या ६० वॅट खाऊन पाण्यातून जेमतेम २५-३० वॅट उष्णता ओढतात, आणि दोन्हींची बेरीज तुमच्याच खोलीत सोडतात. छोट्या फ्रिजमध्ये नळीचं वेटोळं घालायची कल्पनाही फसते. प्लास्टिकच्या नळीतून उष्णता नीट जात नाही आणि फ्रिजचा कॉम्प्रेसर अखंड चालण्यासाठी बनवलेला नसतो. नळी तांब्याची घेतली तर उष्णता जाईल, पण विरघळलेल्या तांब्यानं कोळंबी, गोगलगायी आणि प्रवाळ मरतील. हीटरही बाजारातलाच घ्या.

केएच: दोन पंप लागणारच नाहीत

तीन दिवसांत १.५ म्हणजे रोज ०.५ डीकेएच. २३० लिटरला हा खप रोज ४१ मिलिइक्विव्हॅलंट (क्षारीयतेचं रासायनिक एकक) इतका आहे. कॅल्शियम हायड्रॉक्साइडच्या, म्हणजे चुन्याच्या, दीड ग्रॅममध्ये तेवढी क्षारीयता असते, आणि प्रवाळाला लागतं त्याच प्रमाणात कॅल्शियमही. रोजचं ४ लिटर भरीचं पाणी आधीच आपोआप जातंय. त्यातच चुना घाला, म्हणजे १० लिटरच्या कॅनला ३.८ ग्रॅम. डोसिंगचे दोन पंप, दोन बाटल्या, दोन टायमर यांची तुम्हाला आज गरज नाही.

पहिला महिनाभर मात्र कॅनमध्ये नुसतं पाणी ठेवा. फ्लोट, टायमर, नळी यांचा भरवसा बसला की मगच चुना. पान-तंबाखूचा चुना वापरू नका, त्यात पाणी किती आणि मॅग्नेशियम, लोह किती ते कळत नाही. खाद्य किंवा प्रयोगशाळेच्या प्रतीची कोरडी पूड घ्या, ०.१ ग्रॅमपर्यंत मोजणाऱ्या काट्यावर मोजा, हातमोजे आणि चष्मा घाला. पूड कॅनमध्ये टाकून ढवळा, तासभर स्थिर ठेवा आणि वरची निवळीच ओढली जाईल अशी नळी तळापासून ३ सेंटीमीटर वर ठेवा. झाकण लावलेलं हवं. हवेतला कार्बन डायऑक्साइड निवळीवर कॅल्शियम कार्बोनेटची साय धरतो आणि तेवढा चुना वाया जातो.

पूर्ण संपृक्त निवळीत लिटरला सुमारे १.७ ग्रॅम चुना असतो. ती १० लिटर एकदम टाकीत गेली तर केएच ५ नं उडेल, पीएच ९ च्याही वर जाईल आणि पाणी दुधासारखं होईल. ३.८ ग्रॅमच्या कॅनमध्ये हीच दुर्घटना घडली तर केएच सव्वानं वाढतो आणि टाकी तगते. म्हणून गरजेपुरताच चुना घालायचा, कॅन संपृक्त करून ठेवायचा नाही. पीएच सकाळी आणि दिवे बंद व्हायच्या आधी मोजा. ८.५ च्या वर गेला तर मात्रा कमी करा.

यातली गोम अशी की डोस बाष्पीभवनाला बांधलेला आहे. जूनमध्ये पंखे बंद झाले आणि रोजचं बाष्पीभवन २ लिटरवर आलं तर चुनाही निम्मा जातो आणि केएच पुन्हा घसरतो. तेव्हा कॅनला ७.६ ग्रॅम करा आणि टायमरच्या खुंट्या सहावरून तीनवर आणा. बाष्पीभवन १ लिटरच्या खाली गेलं किंवा प्रवाळ वाढून खप वाढला की संपृक्त निवळीही पुरत नाही. मग दोन द्रावणांकडे वळायचं.

पहिलं द्रावण: खाण्याचा सोडा १५८ ग्रॅम, स्टीलच्या ताटात पातळ पसरून ओव्हनमध्ये १८० अंशांवर तासभर. वजन १०० ग्रॅमच्या आसपास उतरलं म्हणजे त्याचं सोडियम कार्बोनेट झालं. नसेल उतरलं तर अजून ठेवा. हे शुद्ध पाण्यात विरघळवून एकूण १ लिटर करा. बेकिंग पावडर वेगळी, तिच्यात आम्ल आणि स्टार्च असतं, ती चालणार नाही. दुसरं द्रावण: डायहायड्रेट कॅल्शियम क्लोराइड १३९ ग्रॅम, एकूण १ लिटर. निर्जल मिळालं तर १०५ ग्रॅम. ते पाण्यात थोडं थोडं टाका, पाणी चांगलंच तापतं. ओल शोषण्यासाठी विकतात तो औद्योगिक माल घेऊ नका, खाद्य प्रतीचाच घ्या.

या ताकदीला तुमच्या २३० लिटरमध्ये ४४ मिली पहिलं द्रावण केएच १ नं वाढवतं आणि तेवढंच दुसरं कॅल्शियम सुमारे ७ पीपीएमनं. रोजच्या ०.५ साठी प्रत्येकी २२ मिली. दोन्ही जोरदार प्रवाहात, वेगवेगळ्या जागी, निदान अर्ध्या तासाच्या अंतरानं. एकत्र पडली तर पाण्यातच खडू तयार होतो आणि पंपाच्या पात्यांवर, हीटरवर बसतो. केएच दिवसात १ पेक्षा जास्त वाढवू नका.

लक्ष्य: केएच ८, कॅल्शियम ४२०, मॅग्नेशियम १३००. डोस देऊनही दोन्ही आकडे वर येत नसतील तर मॅग्नेशियम मोजा. ते १२०० च्या खाली असेल तर खडू आपोआप बसत राहतो. मॅग्नेशियम क्लोराइड हेक्झाहायड्रेट १९ ग्रॅम घातलं की २३० लिटरला १० पीपीएम मिळतात. चाचणी आठवड्यातून दोनदा, ठरलेल्या वेळी. सकाळी आणि रात्री मोजलेले आकडे एकमेकांशी ताडू नका.

वीज

सगळ्या सर्किटवर ३० मिलिअँपिअरचा आरसीसीबी (वीज गळताच पुरवठा तोडणारा स्विच) हवाच, यात तडजोड नाही. प्रत्येक वायर प्लगच्या आधी खाली झोळ घेऊन वर जाऊ द्या, म्हणजे ओघळलेलं पाणी झोळावरून गळतं, प्लगमध्ये शिरत नाही. वीज गेल्यावर टाकीतून संपमध्ये किती पाणी येतं ते एकदा रिटर्न पंप बंद करून प्रत्यक्ष बघा. तुमच्या टाकीत अडीच सेंटीमीटर पातळी म्हणजे १० लिटर. रिटर्नच्या नळीला पृष्ठभागाच्या जरा खाली बारीक भोक पाडा, म्हणजे सायफन तुटतो. त्या भोकातलं शैवाल दर आठवड्याला काढा. घरच्या इन्व्हर्टरवर आधी वेव्हमेकर (टाकीत प्रवाह करणारा पंप) जोडा, दिवे आणि स्किमर (फेसातून घाण काढणारं उपकरण) नंतर. गरम पाण्यात प्राणवायू मुळातच कमी मावतो, प्रवाह थांबला की मासे प्रवाळांच्या आधी जातात.

मालवणचे दगड

आणू नका. दगडी प्रवाळाच्या सगळ्या जाती, समुद्री पंखे, काळं प्रवाळ आणि अग्निप्रवाळ हे सारे वन्यजीव संरक्षण कायदा, १९७२ च्या पहिल्या अनुसूचीत आहेत. २००१ मध्ये त्यांचा समावेश झाला. मेलेला, किनाऱ्यावर वाहून आलेला तुकडाही त्यातच येतो, आणि शिक्षा तीन ते सात वर्षं कैदेची आहे. मालवणचं सागरी अभयारण्य १९८७ पासून आहे, तिथून काढणं तर दुहेरी गुन्हा. आणि कायदा बाजूला ठेवला तरी तिथला एकेक तळहाताएवढा गोळा वाढायला वर्षानुवर्षं लागतात.

टाकीसाठी सच्छिद्र सिरॅमिक किंवा कोरडा चुनखडीचा दगड घ्या. काळोखात, खाऱ्या पाण्यात, पंप लावून चार ते सहा आठवडे ठेवा. अमोनिया आणि नायट्राइट शून्य, फॉस्फेट ०.१ पीपीएमच्या खाली आलं की तो टाकीत जाऊ शकतो. हॅमर आणि त्याच्या जातीचं कुठलंही आयात प्रवाळ घेताना कागद मागा. ही सायटिसच्या (दुर्मीळ जीवांच्या व्यापारावरचा आंतरराष्ट्रीय करार) दुसऱ्या परिशिष्टातली आहेत, कायदेशीर आयातीचा परवाना विक्रेत्याकडे असला पाहिजे आणि त्याची प्रत तुमच्याकडे. कागद न देणाऱ्याकडून घेऊ नका.